एसजीपीटी नॉर्मल, आयजीजी मात्र वर: ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे रिपोर्ट कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 54, वजन 58 किलो. 14 महिन्यांपूर्वी काविळीने सुरुवात झाली आणि बायोप्सीत (यकृताचा बारीक तुकडा तपासून) ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटण्याचा आजार, निघालं. तेव्हा एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) 684, बिलिरुबिन 4.8, आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी प्रथिनं) 3240 आणि एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी) 1:320 होतं. सध्या प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) 7.5 मिलिग्रॅम आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) 50 मिलिग्रॅम चालू आहे. ताज्या रिपोर्टात एसजीपीटी 38, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) 33, आयजीजी 1820, आणि एएनए पुन्हा 1:320. लॅबने एन्झाइम्सपुढे 'नॉर्मल' छापलंय, तरी डॉक्टर अझाथायोप्रिन 75 करू म्हणतात. एन्झाइम्स नॉर्मल असताना गोळी का वाढवायची, एएनए निगेटिव्ह कधी होणार, कोणत्या टेस्ट किती दिवसांनी करायच्या, आणि आम्हा भावंडांनी तपासून घ्यायचं का, असे चार प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सरळ देतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. आईचा आजार बराचसा आटोक्यात आलाय, पण पूर्ण शांत झालेला नाही. या आजारात 'रक्त नॉर्मल झालं' असं म्हणायला एसजीओटी, एसजीपीटी आणि आयजीजी हे तिन्ही मर्यादेत यावे लागतात. उपचार सुरू केल्यापासून 6 महिन्यांत ते तिथे यावेत अशी अपेक्षा असते. आईचे दोन आलेत, तिसरा अडलाय, आणि 6 च्या जागी 14 महिने झालेत. म्हणजे सध्याचा डोस कुठेतरी कमी पडतोय. स्टेरॉइड वाढवून हे साधण्यापेक्षा अझाथायोप्रिन वाढवून साधणं आईच्या हाडांच्या आणि साखरेच्या दृष्टीने कितीतरी बरं. 58 किलोला 75 मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे 1.3 च्या आसपास. हा काही दांडगा डोस नव्हे. किलोमागे 2 पर्यंत जाणारे पेशंटही असतात.

आता हे दोन आकडे वेगवेगळे का चालतात ते. एसजीपीटी (काही लॅब एएलटी लिहितात, दोन्ही एकच) हे यकृताच्या पेशीतलं एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं आणि साधारण 2 दिवसांत निम्मं साफ होतं. एसजीओटी त्याहून लवकर, दिवसाच्या आत. त्यामुळे हे आकडे या आठवड्यात किती पेशी मेल्या तेवढंच सांगतात. आयजीजी तयार करतात प्लाझ्मा पेशी, ज्या या आजारात यकृतात ठाण मांडून बसलेल्या असतात. आयजीजीचं आयुष्य मोठं, निम्मं व्हायला सुमारे 3 आठवडे लागतात. एसजीपीटी म्हणजे आजचा पाऊस आणि आयजीजी म्हणजे विहिरीची पातळी, असं मी पेशंटना सांगतो. पाऊस थांबला तरी पाणी लगेच उतरत नाही. पण थांबून वर्ष झालं तरी पातळी वरच राहत असेल, तर कुठलातरी झरा अजून चालू आहे.

हे मी उगाच सांगत नाही. या आजाराची ओळखच मुळी ग्लोब्युलिनमुळे (रक्तातली प्रथिनं, आयजीजी त्यांतलंच) पटली. 1950 मध्ये स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी काविळीच्या तरुण बायकांचं वर्णन केलं. दीर्घकाळची काविळ, पाळी थांबलेली, आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन भरमसाट. त्या काळी एसजीपीटीची तपासणीच नव्हती, ती 1955 च्या सुमारास आली. एएनएही नंतरचं. आज आपण एसजीपीटीकडे आधी बघतो कारण ते स्वस्त आहे आणि भराभर हलतं. पण या आजाराची खरी खूण पहिल्यापासून ग्लोब्युलिनच होती.

यातून एक कामाची गोष्ट निघते, आणि ती तुमच्या फाइलमध्ये आधीच पडलेली आहे. एलएफटीच्या (यकृताच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टात खालच्या बाजूला टोटल प्रोटीन, ॲल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि ए/जी रेशो अशा चार ओळी असतात. पेशंट सोडाच, घाईत डॉक्टरसुद्धा त्या वाचत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या रिपोर्टात टोटल प्रोटीन 9.1 आणि ॲल्ब्युमिन 3.1 आहे. वजा केलं की ग्लोब्युलिन 6.0. रेशो 0.5, म्हणजे पार उलटा. ताज्या रिपोर्टात टोटल 7.9, ॲल्ब्युमिन 4.2, ग्लोब्युलिन 3.7, रेशो 1.1. ग्लोब्युलिनची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये 3.5 असते. बघा, आयजीजीने जे सांगितलं तेच ग्लोब्युलिनही सांगतंय: खूप उतरलं, पण अजून थोडं वर. या प्रोटीनमधला मोठा भाग आयजीजीच असल्यामुळे दोन्ही सहसा हातात हात घालून चालतात. दर वेळी आयजीजीचे पैसे भरणं जमत नसेल तर मधल्या तपासण्यांत ग्लोब्युलिनवर लक्ष ठेवून भागतं. माझे गावाकडून येणारे पेशंट आयजीजी वर्षातून दोनदा करतात आणि बाकी वेळी ग्लोब्युलिन. त्यात फारसं काही बिघडत नाही.

आयजीजी करताना मात्र चिठ्ठीवर 'सीरम टोटल आयजीजी' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'आयजीजी' लिहिलं की काउंटरवरचा मुलगा विचारतो, "कशाचं आयजीजी? डेंग्यूचं की हिपॅटायटिस ईचं?" आणि कधी न विचारताच काहीतरी करून टाकतो. आयजीजी-4 हीदेखील वेगळी टेस्ट आहे, तिचा या कामाला उपयोग नाही. युनिटही बघा. एक लॅब 1820 लिहील, दुसरी 18.2 लिहील, डेसिलिटरला मिलिग्रॅम आणि लिटरला ग्रॅम एवढाच फरक. 1820 वरून 18.2 वर आलं म्हणून पेढे वाटणारे नातेवाईक मी पाहिलेत.

आयजीजी वर राहण्याचं एक दुसरं कारण असू शकतं, ते डॉक्टरांना विचारा: आईला सिरॉसिस (यकृत व्रणांनी भरून कडक होणं) आहे का? कुठल्याही कारणाने सिरॉसिस झालं तरी आतड्याकडून येणारं रक्त यकृतात नीट गाळलं जात नाही, जंतूंचे अंश शरीरभर फिरतात आणि आयजीजी वाढतं. अशा पेशंटमध्ये आजार शांत झाला तरी आयजीजी 1700-1900 वर रेंगाळू शकतं आणि तिथे त्या आकड्याच्या मागे लागून औषध वाढवत राहणं चुकीचं ठरतं. बायोप्सीच्या रिपोर्टात फायब्रोसिसची (यकृतातल्या व्रणांची) स्टेज लिहिलेली असेल ती काढा. फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारा स्कॅन) केला असेल तर तो कधी केला ते बघा. काविळीच्या ऐन भरात केलेला स्कॅन सुजेमुळे यकृत आहे त्यापेक्षा कडक दाखवतो. उपचार सुरू होऊन 6 महिने झाल्यावर केलेला जास्त विश्वासाचा. तुम्ही दिलेली प्लेटलेट्स 2 लाख 40 हजार आहेत आणि ॲल्ब्युमिन 4.2, त्यावरून सिरॉसिसची शक्यता मला कमी वाटते. शक्यता कमी म्हणजे नाहीच असं नव्हे.

एसजीपीटी 38 बद्दलही दोन शब्द. लॅबची मर्यादा 45 किंवा 55 असते, त्यामुळे 38 हिरव्या रंगात येतं. पण 2002 मध्ये इटलीतल्या रक्तदात्यांवर झालेल्या अभ्यासात, लठ्ठपणा आणि यकृताचे आजार असलेली माणसं बाजूला काढल्यावर, पुरुषांसाठी 30 आणि बायकांसाठी 19 अशी मर्यादा निघाली. आजच्या उपचाराचं उद्दिष्ट लॅबच्याच मर्यादेवर ठरतं, त्यामुळे 38 ला कोणी 'बिघडलं' म्हणणार नाही. तरीही एका बाईचं 38 आणि 17 यांत फरक आहे, विशेषतः आयजीजीही वर असताना. औषध थांबवायची वेळ येते तेव्हा हा फरक फार मोलाचा ठरतो, त्याकडे नंतर येतो.

आता एएनए. ते निगेटिव्ह होण्याची वाट बघू नका. एएनए, स्मूथ मसल अँटिबॉडी, एलकेएम, एसएलए या अँटिबॉडींच्या टेस्ट निदानासाठी आहेत. निदान झालं की त्यांचं काम संपलं. मोठ्या माणसांमध्ये यांचं टायटर (1:320 सारखा आकडा) आजाराच्या चढउताराबरोबर भरवशाने हलत नाही. आजार पूर्ण शांत असलेल्या पेशंटमध्ये ते वर्षानुवर्षं 1:320 राहतं, आणि आजार उसळलेला असताना एखाद्याचं निगेटिव्ह येतं. शिवाय इम्युनोफ्लुरोसन्समध्ये सूक्ष्मदर्शकाखाली चमक किती दिसते हे माणूस ठरवतो. एकाच नळीचं रक्त दोन लॅबला पाठवलं तर एक 1:160 म्हणेल, दुसरी 1:320. लहान मुलांच्या बाबतीत थोडं वेगळं आहे. तिथे टायटर आजाराशी काही अंशी जुळतं आणि बालरोगतज्ज्ञ ते कधीकधी पुन्हा करतात. एसएलए पॉझिटिव्ह असेल तर औषध थांबवल्यावर आजार उलटण्याची शक्यता जास्त, म्हणून ती माहिती फाइलमध्ये जपून ठेवायची. पण दर 3 महिन्यांनी हजार-दीड हजार रुपये घालून एएनए करणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. ते वाचवा आणि त्यात आयजीजी करा.

सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो, तर पुढे कधीतरी एसजीपीटी वाढून येतं तेव्हा. घरात घबराट होते, आणि कोणीतरी स्टेरॉइडचा डोस परस्पर वाढवतं. ऑटोइम्यून हिपॅटायटिस असलेल्या माणसाचं एसजीपीटी इतर दहा कारणांनीही वाढू शकतं, आणि त्यांतल्या निम्म्यांत स्टेरॉइड वाढवणं घातक असतं.

सगळ्यात आधी बघायचं ते सॅम्पल. एसजीओटी 78 आणि एसजीपीटी 30, सोबत पोटॅशियम 5.9, असा रिपोर्ट आला तर रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड सॅम्पल' लिहिलंय का ते शोधा. बारीक सुई, जोरात ओढलेलं रक्त, आणि मे महिन्याच्या उन्हात होम कलेक्शनवाल्याच्या डिकीत दोन तास फिरलेली नळी. अशाने लाल पेशी फुटतात आणि त्यांतलं एसजीओटी सीरममध्ये उतरतं. एसजीपीटी त्यामानाने कमी हलतं. पुन्हा रक्त दिलं की सगळं जागेवर येतं. तसंच स्नायूंचं. नुकतंच जिम सुरू केलेला मुलगा किंवा भात लावणी करून आलेला माणूस, दोघांचंही एसजीओटी जास्त आणि एसजीपीटी थोडं वाढू शकतं. सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) केलं की उलगडा होतो.

मग औषधं. इथे मी जरा रोखठोक विचारतो: आई आणखी काय घेते? पेशंट 'औषध' म्हटलं की ॲलोपॅथीच्या गोळ्या सांगतात. काढे, चूर्णं, 'इम्युनिटी'ची कॅप्सूल त्यांच्या लेखी औषधात येतच नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी गेले आणि 2021 मध्ये मुंबईतूनच सहा पेशंटचा अहवाल छापून आला, यकृताला इजा आणि तीही ऑटोइम्यून वळणाची. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण नंतर देशभरातल्या अनेक केंद्रांतूनही तसेच पेशंट नोंदले गेले. प्रतिकारशक्ती चेतवणारी वनस्पती आणि प्रतिकारशक्तीनेच होणारा आजार, यांची गाठ पडू देण्यात शहाणपण नाही. अश्वगंधा आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनीही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद नव्हे, कॅप्सूलमधली. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दीर्घकाळ दिली जाणारी नायट्रोफ्युरँटोइन आणि मुरुमांसाठीची मिनोसायक्लिन तर हुबेहूब ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र उभं करतात. टीबीची औषधं, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ते एकेटी, हे वेगळंच प्रकरण. आणि अझाथायोप्रिन स्वतःही क्वचित एन्झाइम्स वाढवते.

पावसाळ्यात एसजीपीटी अचानक 800 झालं तर माझ्या डोक्यात आजार उलटल्याच्या बरोबरीने हिपॅटायटिस ई आणि ए येतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाचं अँटिबॉडीचं रक्त कधी निगेटिव्ह येतं, तेव्हा हिपॅटायटिस ईसाठी आरएनए (थेट विषाणू शोधणारी टेस्ट) करावं लागतं. हिपॅटायटिस बीची दोन रक्तं, सरफेस अँटिजेन आणि टोटल अँटि-एचबीसी, उपचार सुरू करतानाच झालेली असायला हवीत. फाइलमध्ये ती सापडली नाहीत तर पुढच्या वेळी करून घ्या, कारण दडून बसलेला बी विषाणू स्टेरॉइडवर जागा होऊ शकतो.

पण रोजच्या ओपीडीत मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण यांपैकी कुठलंच नाही. स्टेरॉइडने भूक वाढते, 58 ची 66 किलो होते, पोट सुटतं, साखर वर जाते आणि यकृतात चरबी साठते. एसजीपीटी 60-70 वर येऊन थांबतं, त्याच्या पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. इथे आयजीजी कामाला येतं. आयजीजी आणि ग्लोब्युलिन नॉर्मल, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, एचबीए1सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर) 6.4, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर असं चित्र असेल, तर उत्तर स्टेरॉइड कमी करण्यात असतं, वाढवण्यात नाही. याउलट एसजीपीटी 65 आणि आयजीजी 1400 वरून 2100 झालेलं असेल, तर आजारच डोकं वर काढतोय. नियम म्हणून हे शंभर टक्के चालत नाही. काही पेशंटचं आयजीजी आजाराच्या पहिल्या दिवशीही नॉर्मल असतं, त्यांच्यात पुढे ते पाहून काही कळत नाही. दोन्ही कारणं एकत्रही नांदतात. मग बायोप्सीला पर्याय नसतो, आणि ती सुचवली म्हणून डॉक्टरांवर रागावू नका.

आणखी एक कारण कोणी कबूल करत नाही: गोळ्या चुकवणं. "स्टेरॉइड आहे म्हणून एक दिवसाआड घेतली" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. महिनोन्महिने घेतलेलं प्रेडनिसोलोन एकदम बंद केलं तर आजार उसळतोच, शिवाय शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तयार नसल्यामुळे माणूस कोसळू शकतो. अझाथायोप्रिन खरंच पोटात जातेय का, आणि पुरेशी रूपांतरित होतेय का, हे रक्तातल्या 6-टीजीएन (अझाथायोप्रिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) पातळीवरून कळतं. ती टेस्ट मोजक्या लॅबमध्ये होते, म्हणून डोस वाढवूनही फरक पडत नसेल तेव्हाच मी ती सांगतो.

आईचा डोस 75 होणार आहे, म्हणून सीबीसीबद्दल (रक्तपेशींच्या मोजणीबद्दल) सविस्तर लिहितो. अझाथायोप्रिन अस्थिमज्जेला दाबते. पाश्चात्त्य देशांत गोळी सुरू करण्याआधी टीपीएमटी (हे औषध शरीरात मोडणारं एक एन्झाइम) तपासतात. आपल्याकडे त्यापेक्षा एनयूडीटी15 या जनुकातला दोष जास्त महत्त्वाचा. तो आशियाई लोकांत जास्त आढळतो. असा दोष असलेल्या माणसाचे पहिल्या काही आठवड्यांतच केस मूठमूठभर गळतात आणि पाठोपाठ पांढऱ्या पेशी पडतात. आईने वर्षभर 50 मिलिग्रॅम विनातक्रार घेतली आहे, म्हणजे तो धोका बराच टळला. तरी डोस वाढवल्यावर 2 आठवड्यांनी आणि मग महिन्याने सीबीसी करायचं. पांढऱ्या पेशी 4000 च्या खाली उतरू लागल्या तर डॉक्टरांना कळवायचं. 3000 च्या खाली दिसल्या, किंवा कमी पेशींबरोबर ताप असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी फोन करायचा. टोटल काउंटबरोबर न्यूट्रोफिलचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) आकडाही बघायचा. यात एक खाचखळगा आहे. स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल वाढतात, त्यामुळे जास्त डोसवर काउंट 12 हजार आला तर तो जंतुसंसर्गच असेल असं नाही. आणि स्टेरॉइड कमी होत जातं तसा झाकला गेलेला अझाथायोप्रिनचा परिणाम उघडा पडतो. काउंट बघायचा तो स्टेरॉइडचा डोस शेजारी लिहूनच.

याच सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) हळूहळू वाढताना दिसेल, 88 ची 96 वगैरे. अझाथायोप्रिनने तसं होतं. मात्र आई शाकाहारी असेल तर बी12 एकदा बघून घ्या, तेही कारण असू शकतं. आणि 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये युरिक ॲसिड 7.2 आलं म्हणून कोणी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं, तर ती गोळी आईला अजिबात देऊ नका, आधी लिव्हरच्या डॉक्टरांना विचारा. या दोन्ही गोळ्या अझाथायोप्रिन मोडून टाकणारं एन्झाइम अडवतात, औषध साठत जातं आणि पांढऱ्या पेशी धडाधड पडतात. सांधेदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेल्या पेशंटमध्ये हा अपघात घडतो. चिठ्ठीच्या डोक्यावर लाल शाईने 'अझाथायोप्रिन चालू' लिहून ठेवा.

यकृताची ताकद सांगणारे आकडे वेगळे. एन्झाइम्स नुकसान सांगतात, ताकद नाही. पार खंगलेल्या यकृतात फुटायला पेशीच उरत नाहीत आणि एसजीपीटी 25 येतं. ताकद बघायची ती आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), बिलिरुबिन आणि ॲल्ब्युमिनमध्ये. आयएनआर सगळ्यात चपळ, कारण रक्त गोठवणारा सातवा घटक काही तासांतच संपतो. यकृत थकलं की एक-दोन दिवसांत आकडा हलतो. ॲल्ब्युमिनला जवळजवळ 3 आठवडे लागतात. प्लेटलेट्स वर्षागणिक उतरत गेल्या, 2.4 लाख, 1.9, 1.5, तर प्लीहा मोठी होतेय का ते सोनोग्राफीत बघायचं. सिरॉसिस ठरलं तर दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी) लागते. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी ही पित्तमार्गाची एन्झाइम्स दोन्ही चढत असतील तर पीबीसी किंवा पीएससी या पित्तनलिकांच्या आजारांची भर पडली आहे का ते शोधायचं. नुसतं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं आणि जीजीटी नॉर्मल असेल, तर बहुधा हाडांचं दुखणं. डी जीवनसत्त्व तपासा. स्टेरॉइडवरच्या बायकांत हे नेहमीचं.

वेळापत्रक विचारलंत. डोस बदलला की 2 आणि 4 आठवड्यांनी सीबीसी आणि एलएफटी. स्थिर झाल्यावर दर 3 महिन्यांनी, आणि वर्षभर सगळं नॉर्मल राहिलं तर 4 ते 6 महिन्यांनीही चालतं. अझाथायोप्रिन चालू असेपर्यंत सीबीसी मात्र 3 महिन्यांच्या पुढे ढकलू नका. आयजीजी 3 महिन्यांच्या आत करण्यात फारसा अर्थ नाही, ते सावकाश हलतं. साखर किंवा एचबीए1सी 3-4 महिन्यांनी, डी जीवनसत्त्व आणि टीएसएच वर्षातून एकदा. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार याच्या जोडीने बऱ्याचदा येतो. लॅब शक्यतो एकच ठेवा. उपाशीपोटी जायची गरज साखर आणि लिपिडसाठी, एलएफटी आणि आयजीजीसाठी नाही; आईला सकाळची गोळी नाश्त्याबरोबर घ्यायची असेल तर उगाच उपाशी ठेवू नका. एक वही करा. रकाने: तारीख, प्रेडनिसोलोनचा डोस, अझाथायोप्रिनचा डोस, एसजीओटी, एसजीपीटी, ग्लोब्युलिन, आयजीजी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, वजन. डोसचे रकाने सर्वांत आधी घ्या. डोसशिवायचा एसजीपीटीचा आकडा माझ्या काही उपयोगाचा नसतो.

गोळ्या कधी सुटणार, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण आईच्या मनात असणारच. घाई करू नका. किमान 3 वर्षं उपचार आणि त्यांतली शेवटची 2 वर्षं एन्झाइम्स व आयजीजी सलग नॉर्मल, एवढं झाल्यावर तो विषय काढायचा. तरीही थांबवल्यावर निम्म्याहून अधिक पेशंटमध्ये आजार परत येतो, बहुतेकदा पहिल्या वर्षातच. जर्मनीतल्या एका अभ्यासात, थांबवूनही ज्यांचा आजार शांत राहिला, त्यांचं थांबवतेवेळी एसजीपीटी मर्यादेच्या निम्म्याहून कमी आणि आयजीजी 1200 च्या वर नव्हतं. मघाशी 38 आणि 17 मधला फरक म्हटला तो हा. रक्त नॉर्मल झाल्यानंतरही बायोप्सीतली सूज विरायला आणखी कित्येक महिने जातात, म्हणून रिपोर्ट चांगला आल्याच्या दुसऱ्या दिवशी गोळी कमी करायची नसते.

राहता राहिलं तुम्हा भावंडांचं. एएनए करू नका. 1997 मध्ये अनेक देशांतल्या लॅबनी मिळून केलेल्या तपासणीत निरोगी माणसांपैकी जवळजवळ 32 टक्क्यांचं 1:40 ला, 13 टक्क्यांचं 1:80 ला आणि 5 टक्क्यांचं 1:160 ला पॉझिटिव्ह आलं होतं. चौघा भावंडांनी टेस्ट केली तर एखाद्याचं पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच आणि तो पुढचं वर्ष उगाच डॉक्टरांच्या दारात काढणार. आजार थेट वारशाने येत नाही. आप्तांना धोका इतरांपेक्षा किंचित जास्त, पण मुळात फारच कमी. वार्षिक तपासणीत एलएफटी असेल तेवढं पुरे, आणि त्यात ग्लोब्युलिनची ओळ बघायला तुम्ही आता शिकलाच आहात. कधी थकवा, सांधेदुखी आणि पिवळे डोळे एकत्र दिसले तर मात्र आईचं निदान पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.